बर्फाच्या कडेवरून सुटलेला वारा : बॅरेंट्स समुद्रातल्या वादळांचा अंदाज कसा बांधायचा

फेब्रुवारीतली पहाट. नॉर्वेच्या उत्तर टोकापासून साठेक सागरी मैल वर, ब्रिजवर मी आणि लुकआउटला एक खलाशी. वारा १२ नॉट, बॅरोमीटर रात्रभर जागचा हललेला नाही. रडारवर उत्तरेला हिमसरींचे काही पुंजके दिसत होते. त्या सरी अंगावर आल्या आणि तासाभरात वारा ४५ नॉटांवर गेला. समोरचं क्रेनसुद्धा दिसेना. मग बोसनचा, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाचा, फोन आला, "सर, पुढच्या रेलिंगला बर्फ धरायला लागलाय." वॉच (पहाऱ्याची पाळी) संपली तेव्हा अंगठ्याएवढ्या जाडीचा तो पाइप मनगटाएवढा झाला होता.

हे सगळं अंदाजात लिहिलेलं होतं. आदल्या संध्याकाळच्या बुलेटिनमध्ये शेवटी एकच ओळ होती, 'पोलर लोची शक्यता', म्हणजे बर्फावरची थंड हवा कोमट पाण्यावर येऊन उठणाऱ्या छोट्या पण जोरकस वादळाची. मी ती वाचली आणि पुढे गेलो. अरबी समुद्रात वाढलेल्या माणसाला चक्रीवादळ म्हणजे तीन-चार दिवस आधी नाव घेऊन येणारं, नकाशावर रेघ आखून चालणारं प्रकरण वाटतं. तिकडचं वादळ तसं येत नाही. संध्याकाळी नकाशावर नसतं, पहाटे असतं, आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागून विरून गेलेलं असतं.

आता रशियातल्या मुर्मान्स्क बंदराकडे आणि उत्तर नॉर्वेकडे जाणाऱ्या टँकरांवर, बल्करांवर आपली मुलं असतात, म्हणून माझी पद्धत सविस्तर लिहितोय. तिचं सार एका प्रश्नात आहे आणि तो रोज, दर वॉचला विचारायचा : बर्फाच्या कडेवरून उघड्या पाण्याकडे वारा कधी सुटणार?

आधी भट्टी ओळखा

बॅरेंट्स समुद्र फार खोल नाही, सरासरी २३० मीटर. त्याच्या दक्षिण भागात अटलांटिकचं कोमट पाणी नॉर्वेच्या किनाऱ्याने वर चढून शिरतं. त्यामुळेच ६९ अंश उत्तरेला असूनही मुर्मान्स्क बंदर हिवाळाभर उघडं राहतं. फेब्रुवारीतही तिथे पाण्याचं तापमान ३ ते ५ अंश असतं. तिथून उत्तरेला गेलं की बर्फाची कड लागते आणि बर्फावरची हवा उणे २०, उणे २५ अंशांवर बसलेली असते.

ही थंड हवा कोमट पाण्यावर आली की खालून तापते. पातेल्यात पाणी उकळावं तशी ती वर उसळते, वाफ घेऊन चढते, ढग बांधते. कोकणातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. रात्री गार झालेल्या जमिनीवरून समुद्राकडे सुटणारा मतलई आपण लहानपणापासून अंगावर घेतला आहे. इथे जमिनीच्या जागी शेकडो मैलांचा बर्फ ठेवा आणि तापमानातला फरक २५-३० अंशांचा करा. ही भट्टी पेटली की वादळ नेमकं कुठे उठेल ते नंतर पाहता येतं. आधी ती पेटणार का, हे पाहायचं.

त्यासाठी पहिला कागद हवा तो बर्फाचा नकाशा. नॉर्वेच्या हवामान संस्थेची ट्रॉम्सोमधली बर्फसेवा तो सोमवार ते शुक्रवार रोज काढते. रंग जगभर तेच आहेत : हिरवा म्हणजे विरळ बर्फ, पिवळा मध्यम, नारिंगी दाट, लाल म्हणजे जवळपास पूर्ण झाकलेलं पाणी, आणि किनाऱ्याला घट्ट चिकटलेला बर्फ राखाडी. शनिवार-रविवारी नवा नकाशा नसतो, तेव्हा कड स्वतःच पुढे सरकवायची. मोकळा बर्फ वाऱ्याच्या साधारण २ टक्के वेगाने वाहतो आणि उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या दिशेपेक्षा २० ते ४० अंश उजवीकडे कलतो. हा कल फ्रिड्यॉफ नान्सेनने १८९३ ते १८९६ च्या 'फ्राम' मोहिमेत टिपला होता, आणि त्यावरूनच पुढे, वाऱ्याने ढकललेलं पाणी असं का कलतं हे सांगणारा एकमनचा सिद्धांत उभा राहिला. ३० नॉट उत्तरेचा वारा दिवसभर टिकला, तर कड सुमारे १४ मैल खाली आलेली असणार. शुक्रवारचा नकाशा रविवारी रात्री जसाच्या तसा वापरू नका.

बुलेटिन : कोणाचं, कुठून, कोणत्या एककात

जगातले समुद्र हवामान-इशाऱ्यांसाठी 'मेटएरिया' नावाच्या विभागांत वाटलेले आहेत. आर्क्टिकचे पाच विभाग २०११ पासून पूर्ण चालू झाले. १७ आणि १८ कॅनडाकडे, १९ नॉर्वेकडे, २० आणि २१ रशियाकडे. मुर्मान्स्कला जाताना तुम्ही १९ मधून २० मध्ये शिरता, म्हणून दोन्ही विभाग रिसीव्हरवर आधीच लावून ठेवा. सीमा ओलांडल्यावर आठवण झाली, तर मधलं बुलेटिन हुकलेलं असतं.

किनाऱ्याजवळ ५१८ किलोहर्ट्‌झवरचं नॅव्हटेक्स (रेडिओवरून येणारे लेखी इशारे) चालतं, पण त्याचा पल्ला अडीचशे ते चारशे मैल. इन्मारसॅट या संपर्क-सेवेचे उपग्रह विषुववृत्तावर स्थिर असल्याने ७६ अंश उत्तरेच्या आसपास ते क्षितिजाला टेकायला येतात आणि संपर्काचा भरवसा राहत नाही. स्वालबार्ड बेटांकडे जाणाऱ्यांनी हे विसरू नये. त्याच्या वर इरिडियम हे दुसरं उपग्रह-जाळं चालतं. २०२० च्या अखेरीपासून ते जहाजांच्या अधिकृत सुरक्षा-यंत्रणेतही आलं आहे.

आता एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून चार्टटेबलावर चिकटवा : नॉर्वेजियन अंदाज वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात देतात. आमच्या एका जहाजावर नव्या थर्ड ऑफिसरने मोबाइलवर २० हा आकडा पाहिला आणि लॉगमध्ये '२० नॉट अपेक्षित' असं लिहून मोकळा झाला. २० मीटर प्रति सेकंद म्हणजे ३९ नॉट, म्हणजे ब्यूफर्टच्या वारा-मोजपट्टीवर ८, चांगला गेल (सोसाट्याचा वारा). दुपटीपेक्षा किंचित कमी, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरतं. तसंच वेळेचं. अंदाज यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत असतो, हिवाळ्यात नॉर्वेचं घड्याळ एक तास पुढे आणि मुर्मान्स्कचं तीन तास पुढे.

समदाब रेषा वाचताना डोळा बदला

आपल्याकडच्या समुद्रात नकाशे वाचून तयार झालेला डोळा तिकडे फसतो. वारा समदाब रेषांच्या (सारख्या दाबाच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या) दाटीवर अवलंबून असतो, तसा अक्षांशावरही. दोन रेषांमध्ये ४ हेक्टोपास्कल दाबाचा फरक आणि १२० सागरी मैलांचं अंतर धरा. ७२ अंश उत्तरेला कागदावरचा वारा येतो सुमारे १९ नॉट. तेवढ्याच दाटीला २० अंश उत्तरेला, म्हणजे मुंबईच्या थोडं वर, तो निघतो जवळपास तिप्पट. त्यामुळे तिकडच्या नकाशावर रेषांची गर्दी पाहून आधी छाती दडपते, आणि काही दिवसांनी 'एवढं काही होत नाही' अशी सवय लागते. ही दुसरी सवय जास्त घातक. थंड हवा कोमट पाण्यावर असली की वरचा वारा उसळणाऱ्या हवेबरोबर खाली उतरतो, आणि प्रत्यक्ष पाण्यावरचा वारा कागदी हिशेबाच्या बराच जवळ जातो. झोत तर त्याच्याही वर. शिवाय पोलर लो एवढासा असतो, की मोठ्या नकाशाच्या रेषांत तो उमटतच नाही.

मोठी वादळं, म्हणजे आइसलँडकडून बॅरेंट्सकडे येणारे कमी दाबाचे मोठे पट्टे, आता मॉडेलं तीन-चार दिवस आधी बऱ्यापैकी पकडतात. त्यातलं झपाट्याने खोल होणारं कोणतं, याला एक जुनी मोजपट्टी आहे : ६० अंशांवर २४ तासांत २४ हेक्टोपास्कल घसरण, ७५ अंशांवर सुमारे २७. एवढं असेल तर वाट बदलायची, चर्चा करत बसायचं नाही. पण माझं लक्ष अशा वादळाच्या पाठीकडे जास्त असतं. केंद्र पूर्वेला नोवाया झेम्ल्या बेटांकडे सरकलं की जहाजावर सगळ्यांना हायसं वाटतं, चहा येतो, आणि त्याच वेळी त्याच्या मागच्या बाजूने उत्तरेचा वारा बर्फावरची हवा खाली ओढायला लागलेला असतो. भट्टी तिथे पेटते.

४३ चा हिशेब

पोलर लोचा व्यास साधारण २०० ते १,००० किलोमीटर, आयुष्य बहुतेक वेळा दीड दिवसाच्या आत, हंगाम ऑक्टोबर ते मे. नॉर्वेजियन आणि बॅरेंट्स समुद्रांत मिळून वर्षाला सरासरी डझनभर. जमिनीवर किंवा बर्फावर गेला की खालची ऊब तुटते आणि तो मरतो.

ट्रॉम्सोचे अंदाजकार वापरतात तो हिशेब जहाजावरही करता येतो. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान घ्या. ५०० हेक्टोपास्कल पातळीवरचं, म्हणजे पाचेक किलोमीटर उंचीवरचं हवेचं तापमान ग्रिब फाइलीतून (मॉडेलच्या आकड्यांच्या फाइलीतून) घ्या. दोन्हींमधला फरक ४३ अंश किंवा जास्त असेल, तर कान टवकारा. पाणी अधिक ४, वर उणे ४१ : फरक ४५. जागा तयार आहे.

पण फक्त फरकाने पोलर लो उठत नाही, ठिणगी लागते. म्हणून त्याच ५०० च्या नकाशावर थंड हवेचा लहानसा खळगा उत्तरेकडून खाली येतोय का ते पाहा. असा खळगा ४३ च्या पट्ट्यावर येऊन ठेपण्याची वेळ हीच तुमची धोक्याची वेळ. मी ती वेळ आणि तो पट्टा पेन्सिलीने चार्टवर काढतो आणि सहा-सहा तासांनी खोडून परत काढतो.

मॉडेल कोणतं? जागतिक मॉडेलांत युरोपियन केंद्राचं साधारण ९ किलोमीटरच्या जाळीचं आहे. नॉर्वेचं 'अरोम-आर्क्टिक' अडीच किलोमीटरच्या जाळीवर चालतं, अडीच-एक दिवस पुढचं दाखवतं, आणि फुकट मिळतं. त्यात पोलर लो डोळे आणि शेपटीसकट रेखीव दिसतो. इथेच सांभाळा. वादळ उठणार, हे ते बहुधा बरोबर सांगतं. नेमक्या कुठे आणि किती वाजता, यात पन्नास-शंभर मैलांची चूक सहज असते. एका चित्रातल्या केंद्रापासून चाळीस मैल दूर वाट आखून कोणी निश्चिंत बसत असेल, तर त्याला थांबवा. मॉडेलच्या सलग तीन रनमध्ये (दर वेळी नव्याने काढलेल्या अंदाजांत) तो कुठे-कुठे दिसला ते एकाच चार्टवर टाका, आणि त्या सगळ्या ठिपक्यांभोवती जो घेर होतो तो टाळा.

आणखी एक. उत्तरेच्या वाऱ्यात पोलर लो दक्षिणेकडे सरकत असेल, तर सर्वांत जोरकस वारा बहुधा त्याच्या पश्चिम अंगाला असतो, कारण तिथे त्याचा स्वतःचा फेरा आणि मूळ वारा एकाच दिशेने ढकलतात. लाटाही त्याच बाजूला वाढतात. वादळ लाटांच्या सोबतीने चाललं की त्या वाऱ्याखालून सुटतच नाहीत, आणि छोट्या वादळाच्या मानाने समुद्र फार उंच होतो. अंदाजात दिलेली लाटेची उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्यातली एखादी दुप्पट यायची, हे धरूनच चाला.

अंधारात ढग पाहणं

नॉर्वेच्या उत्तर टोकाजवळ नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य उगवत नाही, म्हणजे नेहमीची उपग्रहचित्रं निरुपयोगी. इन्फ्रारेड चित्र मागवा. ऑफिसला किंवा राउटिंग सेवेला मेल करून, लहान आकारात, दिवसातून दोनदा. ध्रुवावरून फिरणारे उपग्रह या भागावरून वारंवार जातात, त्यामुळे चित्रांचा तुटवडा नाही, तुटवडा असतो तो आपल्या इंटरनेटचा.

चित्रात पाहायचं काय? बर्फाच्या कडेपाशी आधी एक काळी, निरभ्र पट्टी. मग वाऱ्याच्या दिशेने निघालेल्या ढगांच्या बारीक समांतर ओळी, शेतातल्या सरींसारख्या. पुढे त्या फुटून फोडांसारख्या दिसतात. ही चित्रं म्हणजे हवा वाहायला लागल्याची सही. या ओळी जिथे वाकायला लागतात, जिथे स्वल्पविरामासारखा ढग गोळा होतो, तिथे बोट ठेवा. स्कॅटरोमीटर ढगांतूनही पाण्यावरचा वारा मोजतो. युरोपच्या मेटऑप उपग्रहांवर तो आहे, आणि आपल्या इस्रोने नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडलेल्या ओशनसॅट-३ वरही आहे.

आयसिंगचा हिशेब स्वतः करा

आयसिंग म्हणजे उडालेला फवारा जहाजावर गोठून बर्फ धरणं. या समुद्रांत माणसं नुसत्या वाऱ्याने नाही, बर्फाच्या वजनानेही गेली आहेत. २६ जानेवारी १९५५ ला आइसलँडच्या उत्तरेला इंग्लंडच्या हल बंदराचे 'लोरेला' आणि 'रॉडेरिगो' हे दोन ट्रॉलर काही तासांच्या अंतराने उलटले. ४० माणसं गेली. २८ डिसेंबर २०२० ला नोवाया झेम्ल्याजवळ रशियन मासेमारी बोट 'ओनेगा' अशीच गेली. १९ पैकी २ वाचले. पासष्ट वर्षांत उपग्रह आले, मॉडेलं आली, पण बर्फाचं वजन तेच आहे. म्हणून हा हिशेब मी कोणावर सोपवत नाही.

सूत्र अमेरिकेच्या ओव्हरलँड यांनी १९८० च्या दशकात मांडलेलं. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या. समुद्राचं पाणी गोठतं ते तापमान उणे १.८ अंश धरा, त्यातून हवेचं तापमान वजा करा आणि वेगाने गुणा. मग पाणी गोठणबिंदूपेक्षा किती अंश गरम आहे ते काढा, त्याला ०.३ ने गुणून १ मिळवा, आणि आधीच्या आकड्याला याने भागा.

वारा १८, हवा उणे १२, पाणी अधिक ३ : १८ गुणिले १०.२ म्हणजे १८३.६. खाली १ अधिक ०.३ गुणिले ४.८ म्हणजे २.४४. उत्तर ७५.

उत्तर २२ च्या आत असेल तर हलकं, तासाला ७ मिलिमीटरपेक्षा कमी. ५३ पर्यंत मध्यम, तासाला २ सेंटिमीटरपर्यंत. ८३ पर्यंत जड, तासाला ४ सेंटिमीटरपर्यंत. त्याच्या वर अतितीव्र. आपलं ७५ म्हणजे जड. आता तोच वारा, तीच हवा, पण बर्फाच्या कडेजवळ पाणी फक्त १ अंश : उत्तर जवळपास १००. दक्षिणेला ६ अंशांच्या पाण्यात : ५५. साठ-सत्तर मैल खाली उतरल्याने काय मिळतं, ते या तीन आकड्यांत आहे. हे सूत्र २० ते ७५ मीटर लांबीच्या, वाऱ्याला तोंड देऊन चालणाऱ्या बोटींवरून बांधलेलं आहे. उंच फ्रीबोर्डच्या, म्हणजे डेक पाण्यापासून उंच असलेल्या, मोठ्या जहाजावर बर्फ कमी धरतो, पण भरलेला टँकर खाली बसलेला असतो, तेव्हा सूट घेऊ नका.

वजन डोळ्यांपुढे आणा. २०० चौरस मीटर उघड्या पृष्ठभागावर ३ सेंटिमीटर बर्फ म्हणजे सहा घनमीटर, साधारण साडेपाच टन, तासाला. तोही मास्टवर, दोरांवर, रेलिंगवर, म्हणजे सगळा उंचावर. जहाज डोलून परत सरळ व्हायला वेळ लावू लागलं, तर ती सूचना कुठल्याही बुलेटिनपेक्षा ताजी आहे.

डोळ्यांनी पाहायचं

बॅरोमीटर जरूर पाहा, पण पोलर लोत तो उशिरा बोलतो. त्याच्याआधी बोलतात त्या इतर गोष्टी : पाण्यावरून धुरासारखी वाफ उठायला लागली, हवेचं तापमान तासाभरात चार-पाच अंश उतरलं, रडारवर सुट्या हिमसरी एका कमानीत जोडल्या जाऊ लागल्या, वाहता वारा एकाएकी पडला. हा शेवटचा सगळ्यात फसवा. खलाशी त्याच वेळी काम उरकायला डेकवर जायचं म्हणतात. तेव्हा नाही म्हणा. उणे १० ला २० मीटर प्रति सेकंद वाऱ्यात उघड्या चामडीला उणे २३ च्या आसपास जाणवतं, आणि तेही कोरड्या अंगाला.

दर तासाला चार आकडे लिहा : वारा, हवा, पाणी, दाब. पाण्याचं तापमान इंजिनच्या समुद्र-इनलेटवरून मागून घ्या.

मग निर्णय

पोलर कोड, म्हणजे ध्रुवीय समुद्रांतल्या जहाजांची नियमावली, १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे, आणि जहाजाच्या ध्रुवीय पुस्तिकेत मर्यादा लिहिलेल्या असतात. त्या बंदर सोडण्याआधी वाचा. कॅप्टनला झोपेतून उठवण्याची मर्यादा मात्र तुमची तुम्ही ठरवा आणि त्यांच्याकडून रात्रीच्या ऑर्डर बुकात सहीसकट घ्या. माझ्याकडे ती तीन ओळींची असायची. ४३ चा पट्टा वाटेवर आला. आयसिंगचा आकडा ५३ च्या पुढे गेला. हवा तासात चार अंश उतरली. यातलं कोणतंही एक झालं की फोन.

उपाय मोजके आहेत. वेग कमी करा, म्हणजे फवारा कमी. वारा पाठीवर घेता आला तर घ्या. दक्षिणेच्या कोमट पाण्याकडे उतरा, किंवा उत्तर नॉर्वेतल्या फिनमार्कच्या फ्योर्डमध्ये (डोंगरांत शिरलेल्या खाडीत) आसरा घ्या. पण आत शिरण्याआधी तिथला वारा विचारा, कारण दरीतून समुद्राकडे सुटणारी हवा बाहेरच्या वाऱ्यापेक्षा जोरात असू शकते. विरळ बर्फात शिरलं की लाट आणि फवारा दोन्ही बसतात हे खरं, पण तो मार्ग बर्फासाठी बांधलेल्या जहाजांचा.

आणि बर्फ फोडायचे लाकडी हातोडे डेक स्टोअरमध्ये ठेवू नका. त्या पहाटेनंतर आमचे हातोडे, मिठाच्या गोणी आणि दोन फावडी अकोमोडेशनच्या (राहत्या भागाच्या) आत, पुढच्या दारापाशी बांधलेली असायची. स्टोअरचं दार आधी बर्फाखाली जातं.